वेळ अमावस्येची रेघ

तलाठी म्हणून मी नोकरीत हजारो रेघा मारल्या. त्यांतली एक चुकली, आणि ती मारली तेव्हा माझ्या पोटात चार वाट्या आंबील होती. त्या रेघेचं खापर कित्येक वर्षं दुसऱ्याच माणसाच्या डोक्यावर फुटत राहिलं. तो माणूस हयात आहे, मीही आहे, म्हणून हे आत्ताच लिहितो. दोघांपैकी एक गेल्यावर लिहिलेल्या कबुलीला लोक श्रद्धांजली समजतात.

मी मूळचा माढ्याकडचा. नोकरीच्या उत्तरार्धात माझी बदली सोलापूरच्या दक्षिणेला एका गावी झाली. निम्मं गाव घरात कानडी बोलायचं आणि चावडीवर मराठी. इकडे ग्रामसेवकाला भाऊसाहेब म्हणतात आणि तलाठ्याला तात्या, वय काहीही असो. मी पन्नाशीचा तात्या झालो आणि दोन महिन्यांत ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ आली.

गावाचे वॉर्ड नव्याने पाडायचे होते. आदेश सरळ होता. तलाठ्याने आणि ग्रामसेवकाने गावात पायी फिरायचं, प्रत्येक वॉर्डात साधारण सारखी माणसं येतील असं बघायचं, आणि सीमा अशा धरायच्या की कुणालाही डोळ्यांनी दिसाव्यात: ओढा, रस्ता, गल्ली. एकत्र राहणाऱ्या लोकांची वस्ती शक्यतो फोडायची नाही, हेही त्यात होतं. फिरायची तारीख मी ठरवली. कॅलेंडरवर त्या चौकोनात अमावस्येचा काळा गोळा छापलेला होता. माढ्याच्या माणसाला तो नुसता गोळा दिसला.

त्या सकाळी मी आणि भाऊसाहेब गावात शिरलो तर गावात माणूस नाही. दाराला कड्या, कड्यांना कुलपं. पारावर एक कुत्रं होतं, तेही आमच्याकडे न बघता झोपलं.

"भाऊसाहेब, गाव कुठं गेलं?"

"शेतात. आज वेळ अमावस्या नव्हे का, तात्या?"

"मग तुम्ही काल बोलला का नाहीत?"

भाऊसाहेब गालातल्या गालात हसले. "मला वाटलं, तुम्हाला जेवायलाच यायचंय."

ज्यांना हा सण माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ऐन थंडीतली ही अमावस्या. त्या दिवशी सगळं गाव रानात जातं. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारतात, आत चुना लावलेले पाच दगड मांडून पूजा करतात आणि मग दिवसभर जेवतात. सगळ्या शेंगाभाज्यांची मिळून एक भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, शेंगापोळी, आणि मडक्यातली आंबट गार, डोळे जड करणारी आंबील. ज्याला शेत नाही त्याला शेत असलेला बोलावतो. रस्त्यानं जाणारा परका माणूसही सुटत नाही.

आम्ही फिरलो मात्र. ते नाकारत नाही. रिकाम्या गावात हातात नकाशा घेऊन दोन माणसं फिरली, तासाभरात सगळं झालं. गर्दी नाही, कुणी मध्ये बोलत नाही, मला तर सोयीचंच वाटलं. फिरत फिरत आम्ही वडार गल्लीत आलो. दोन्ही बाजूंना समोरासमोर घरांची ओळ, आणि मध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत सडा घातलेली, झाडून लख्ख केलेली, सरळसोट वाट. इतकी स्वच्छ गल्ली मी त्या गावात दुसरी पाहिली नव्हती. मनात आलं, सीमा असावी तर अशी.

सार्वजनिक वाटेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत सडा कोण घालतं, हे मी स्वतःला विचारलं नाही. भाऊसाहेब शेजारच्या गावचे, त्यांना ठाऊक असणार. पण ते मोटारसायकलला किक मारत होते. हे मी त्यांच्यावर ढकलत नाही. पेन्सिल माझ्या खिशात होती.

परतीच्या वाटेत सरपंचांचं शेत लागलं. त्या वेळचे सरपंच म्हणजे मोठ्या आवाजाचा, मोठ्या पोटाचा, माणसांची हौस असलेला माणूस. बांधावर उभे राहून त्यांनी आम्हाला अक्षरशः अडवलं. "सरकार उपाशी जातंय व्हय आमच्या शिवारातनं? बसा की!" चिंचेखाली पंगत बसली होती. त्यात वडार गल्लीतली सात-आठ घरंही होती. त्यांतल्या एका बाईला सगळे अक्का म्हणायचे. चाळिशीची असेल. गावोगाव फिरून गुळगुळीत झालेल्या पाट्याला, जात्याला छिन्नीनं टाकी लावून द्यायचं तिचं काम, आवाज खणखणीत. यंदा ती पंचायतीला उभी राहणार, असं सरपंचच कौतुकानं सांगत होते. वडारांतून आजवर पंचायतीत कुणी गेलं नव्हतं.

पहिली वाटी आग्रहाची, दुसरी चवीची, तिसरी आणि चौथी कशाची होती आठवत नाही. मग म्हटलं, काम उरकून टाकावं. सरपंचांनी एक पितळी परात उलटी करून मांडीवर दिली, तिच्यावर मी नकाशा पसरला. वारा होता. अक्कानं एक कोपरा हातानं धरला.

"तात्या, हे काय काडताय?"

"वॉर्ड."

"आमची गल्ली कुटं आली मग?"

"आली की. अगदी मधोमध."

ती खूश झाली. मीही थापा मारत नव्हतो. रेघ गल्लीच्या मधोमधच गेली, तिच्या बोटांपासून चार इंचांवरून. डावी ओळ दोन नंबरच्या वॉर्डात, उजवी ओळ तीन नंबरच्या. नंतर मी चिंचेखाली आडवा झालो तो ऊन उतरल्यावर उठलो. दुसऱ्या दिवशी त्याच पेन्सिलीच्या रेघेवर शाई फिरवली.

आठवड्यानं मी सहज वडार गल्लीतून गेलो आणि जागच्या जागी थांबलो. गल्ली नव्हतीच ती. सणासाठी आवरून आत ठेवलेलं सगळं परत बाहेर आलं होतं, मधोमध बायका दगडाला टाकी लावत बसल्या होत्या. या दाराची बाज त्या दारापुढे, या घरची चूल, त्या घरचं जळण, एकीचं पोर दुसरीच्या मांडीवर. अक्काची सख्खी जाऊ समोरच्या ओळीत राहायची, आणि दोघी आपापल्या उंबऱ्यातून पुढे सरकून एकाच सुपातल्या शेंगा फोडत होत्या, सूप मध्ये ठेवून. दोन्ही ओळींचं मिळून ते एक आंगण होतं. आणि माझी रेघ त्या सुपातून गेली होती.

तेव्हा दुरुस्ती करता आली असती. हरकती घ्यायची मुदत चालू होती. पण दुरुस्तीला कारण लिहावं लागतं, आणि कारण काय लिहू? पाहणीच्या दिवशी गाव जागेवर नव्हतं? माझं मंडल अधिकारी व्हायचं घाटत होतं. मी गप्प बसलो. चावडीवर लागलेला कागद कुणी वाचला नाही, कारण "पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक" असलं मराठी कुणा माणसानं वाचावं म्हणून लिहिलेलंच नसतं.

अक्का डाव्या ओळीच्या वॉर्डातून उभी राहिली आणि थोडक्यात पडली. समोरच्या दारातल्या जावेचं मत तिला चाललं नाही. पुढच्या निवडणुकीला ती उजव्या ओळीतून उभी राहिली. तेव्हा तिचं स्वतःचंच मत तिला चाललं नाही, आणि पुन्हा पडली. मधल्या पाच वर्षांत वॉर्ड परत पाडायचे होते, पण तोवर माझ्या जागी आलेल्या माणसानं मागचं बघून पुढचं उतरवलं. मीही तेच केलं असतं.

गावानं मात्र शोध लावला. नकाशा कुठं काढला? सरपंचांच्या शेतात. कशावर? सरपंचांच्या परातीवर. जेवू कुणी घातलं? मग रेघ कुणाची? अक्कानं भर बाजारात सरपंचांना विचारलं, "जेवाय बोलावून गळा कापतासा व्हय?" सरपंच माझ्याकडे आले.

"तात्या, ती रेघ कशी वो मारली तुमी?"

मी म्हणालो, "वरून आली."

दोन शब्द. सरपंचांनी मान डोलावली. पाऊस, वीज आणि कायदे वरून येतात हे गावाला पटतं. मला बढती मिळाली आणि मी तिथून सुटलो. सरपंच तिथंच राहिले.

आता मी सोलापुरात राहतो, सात रस्ता चौकापासून दहा मिनिटांच्या अंतरावर, दोन खोल्यांत. ही हकीकत मी बायकोला इतक्यांदा सांगितली की तिला ती माझ्याहून चांगली येते. गेल्या वर्षी भाऊसाहेबांचा फोन आला. गावचे वॉर्ड परत पाडलेत, कच्चा नकाशा लागलाय, रेघ जिथल्या तिथं आहे, प्रांतसाहेबांकडे हरकत घ्यायला पाच दिवस आहेत, आणि अक्का या खेपेला उभी राहायचंच नाही म्हणतेय. मी ते बायकोला सांगायला लागलो तर तिनं हातातली पिशवी खाली ठेवली.

"मला कशाला सांगताय? मी काय प्रांत आहे?"

"पेन्शनला काही झालं तर?"

"आंबील पिऊन झोपला म्हणून पेन्शन बंद व्हायला लागली तर निम्मा जिल्हा उपाशी मरेल. जा."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी गेलो. अक्का गल्लीत मधोमध बसली होती, केस पांढरे झालेले, हातात छिन्नी. मला ओळखायला तिला एक क्षण लागला.

"तात्या! किती वाळलासा वो."

मी उभ्याउभ्याच सांगितलं. सगळं. रिकामं गाव, सडा घातलेली वाट, पेन्सिल, झोप, सरपंचांना दिलेलं उत्तर. बसून सांगायचं धाडस नव्हतं. टाक्यांचे आवाज एकेक करून थांबले. मग अक्कानं विचारलं,

"म्हंजी सरपंचानं काय केलं न्हाय?"

"वाढलं फक्त."

"आन तुमाला झोप लागली."

"आधी रेघ मारली. मग लागली."

समोरच्या उंबऱ्यावरून तिची जाऊ फिसकन हसली. मग पलीकडची हसली. अक्काला हसायचं नव्हतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. दोन निवडणुका हरली होती ती. पण तीही हसली, आणि हसता हसता छिन्नी माझ्यावर रोखली.

"मी त्या मानसाच्या रानात पाय ठिवला न्हाय तवापास्नं. कुनालाच जाऊ दिलं न्हाय. लई वंगाळ बोललेय मी त्येला. हे तुमी मला सांगून भागतंय व्हय? चला."

तिनं मला सरपंचांच्या दारात नेऊन उभं केलं. सरपंचांचं पोट गेलं होतं, आवाज होता. तिला दारात बघून ते बाजेवरून उठलेच. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. वाटलं होतं, शिव्या देतील. मी त्याची तयारी करून आलो होतो. त्यांनी अक्काला बसायला बाजेवर जागा केली. मग म्हणाले,

"तात्या, दरसाल माजी भज्जी उरतीया."

ते बाजेची सैल दोरी आवळायला लागले.

"तेवढीच करतो मी. कमी करत न्हाय. म्हनतो, येतील. आन सांजच्याला बैलास्नी घालतो." ते अक्काकडे वळले. "बैल लई माजल्यात."

"मग आता कमी घाला त्येस्नी," अक्का म्हणाली, आणि पदरानं नाक पुसलं.

त्या दुपारी सरपंचांच्या ओसरीवर हरकतीचा अर्ज मी लिहिला. अक्का शेजारी बसून होती. "लिवताना झोपू नका," एवढं एकदाच म्हणाली. सही तिची. मी गावचा राहिलो नव्हतो, म्हणून मी फक्त सोबत आणि साक्षीला.

सुनावणी सोलापुरात होती. प्रांत तरुण बाई होत्या, भराभर कागद वाचणाऱ्या. अक्काचा अर्ज त्यांनी एका दमात वाचला.

"गल्ली सीमा म्हणून धरली तर हरकत काय? आदेशात तसंच आहे."

"गल्ली असती तर न्हवती हरकत," अक्का म्हणाली. "आंगण हाय त्ये."

"नकाशात तर सरळ रस्ता दिसतोय."

मी पुढे झालो. "मॅडम, तो नकाशा माझा आहे. मूळचा. मी तेव्हा तलाठी होतो. पाहणी वेळ अमावस्येला केली."

त्या बहुधा परजिल्ह्यातल्या असाव्यात. त्यांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकून इथलाच होता. त्यानं मान खाली घालून तोंडावर रुमाल धरला.

"त्यात काय झालं?"

"गावात कुणीच नव्हतं. माणसं नसली की कुठलंही आंगण रस्त्यासारखं दिसतं."

"आणि हे तुम्ही आत्ता सांगताय?"

"हो. तेव्हा मी घाबरलो होतो. आणि विचारलं त्याला खोटं सांगितलं."

त्यांनी ते लिहून घेतलं. मी ते उलट्या बाजूनं वाचायचा प्रयत्न करत होतो, जुनी सवय. मग त्या म्हणाल्या की कुणाच्याही बोलण्यावर सीमा हलवता येत नाही, त्या स्वतः येऊन बघतील. कधी ते सांगणार नाहीत.

मी म्हटलं, "फक्त अमावस्या टाळा."

या खेपेला त्याही हसल्या.

त्या आल्या त्या दिवशी मी योगायोगानं नाही, रोज जात होतो म्हणून तिथं होतो. तीन दिवस मी सकाळी एसटीनं जाऊन अक्काच्या उंबऱ्यावर बसत होतो, आणि तिच्या जावेचे टोमणे ऐकत होतो. "तात्या, आज जागं हायसा नव्हं?" चौथ्या दिवशी दहाच्या सुमाराला सरकारी गाडी गल्लीच्या तोंडाशी आली. आत येईना. पुढं बाज, बाजेपुढं अर्धवट घडलेली दोन जाती, त्यापुढं धुणं, त्यापुढं माणसं. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. कुणी हललं नाही. त्यानं पुन्हा दिला, लांबलचक.

अक्काची जाऊ उठली आणि कमरेवर हात ठेवून गाडीसमोर उभी राहिली.

"काय रं बाबा, घरात हॉर्न वाजिवतोस व्हय?"

ड्रायव्हरनं मागे वळून प्रांतबाईंना काहीतरी सांगितलं. दार उघडलं, त्या उतरल्या, आणि चालत आत आल्या. या ओळीकडं बघत, त्या ओळीकडं बघत, दगड ओलांडत त्या टोकापर्यंत गेल्या आणि परत आल्या. कुणाला काही विचारलं नाही. फक्त जाताना उजव्या ओळीच्या मागच्या बाजूला काय आहे, एवढं भाऊसाहेबांच्या जागी आलेल्या नव्या ग्रामसेवकाला विचारलं. मागे ओढा होता. तो पहिल्यापासून तिथंच होता.

पक्का नकाशा लागला तेव्हा रेघ ओढ्यावर गेली होती. दोन्ही ओळी दोन नंबरमध्ये. माणसांचा मेळ बसवायला दुसऱ्या टोकाची काही घरं तीन नंबरला गेली, आणि ती नेमकी सरपंचांच्या भावकीची निघाली. मी ते त्यांना दबकत सांगितलं. पुन्हा त्यांच्याच अंगावर आलं होतं.

सरपंचांनी नकाशावर बोट फिरवून नीट खात्री करून घेतली. "जाऊ द्या तिकडं," ते म्हणाले. "लई भांडकुदळ हायती. तीन नंबरला बी कळू द्या."

अक्कानं मला कागदावरची चतुःसीमा मोठ्यानं वाचायला लावली. सगळी गल्ली जमली होती, सरपंचही येऊन बसले होते. "पश्चिमेस ओढा" असं मी वाचलं तेव्हा कुणीतरी शिट्टी मारली. मग मी तिला विचारलं, आता तरी उभी राहणार ना?

"ऱ्हानार की. आन पडले तर माज्याच मानसांनी पाडलं म्हनून पडन. त्यात बी मजा हाय."

"मग मी बी ऱ्हाते," समोरून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. तिची जाऊ शेंगांचं सूप बाजूला ठेवत होती.

"तू?" अक्का म्हणाली. "तुला सही येत न्हाय."

"तुला तरी कुटं येती? कोंबडी नाचल्यागत करतीस. आन दोनदा पडलीस की. आता माजी पाळी."

"मी पडले का ह्यांनी पाडलं गं?" अक्कानं माझ्याकडे बोट दाखवलं. "तात्या, सांगा हिला!"

"तात्यांना कशाला मदी घालतीस? त्येस्नी झोप आली असंल."

मी सरपंचांकडे पाहिलं. ते बाजेवर मांडी ठोकून बसले होते, उसळीचं ताट समोर आल्यासारखे खूश. दोघी आपापल्या उंबऱ्यावरून हातवारे करत भांडायला लागल्या, निम्मं मराठीत आणि निम्मं त्यांच्या घरच्या तेलुगूत, आणि आंगणातल्या दोन्ही ओळी हातातलं काम थांबवून नीट ऐकत बसल्या. मत त्यांना द्यायचं होतं.